परक्या भाषेच्या गावात सेवेला निघताना

सेवाग्रामच्या प्रार्थनेला कधी बसला असाल तर एक गोष्ट तुमच्या कानाने टिपली असेल. तिथली प्रार्थना आजही एका जपानी मंत्राने सुरू होते. ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हे शब्द आपल्या वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या शेजारी कसे आले, याच्या मागे एका तरुण धर्मसेवकाची कहाणी आहे. घरापासून हजारो मैल दूर, भाषा न येणाऱ्या मुलखात, विशेषतः स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत, श्रद्धेचं काम करायला निघालेल्या प्रत्येक मुला-मुलीने ती आधी वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

निचिदात्सु फुजी, म्हणजे आपल्याकडचे फुजी गुरुजी, १९३१ मध्ये भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या निप्पोनझान म्योहोजी संघाचे आणखी भिक्षू आले. त्यांपैकी एक जण सेवाग्राम आश्रमातच राहिला. सगळे त्याला केशव म्हणत. सकाळ-संध्याकाळ तो छोटा ढोल वाजवून मंत्र म्हणायचा आणि बाकीचा दिवस आश्रमाच्या कामात घालवायचा. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि इंग्रज सरकारने या भिक्षूला आश्रमातून नेलं. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून ‘हरिजन’मध्ये एक अनावृत पत्र लिहिलं. त्यात त्यांनी या तरुणाची आठवण काढली आहे. कामातली निष्ठा, कधीही न चुकणारी उपासना, कोणत्याही प्रसंगी न ढळणारी शांती आणि चेहऱ्यावरचं सहज हसू, हे त्यांनी आवर्जून नोंदवलं. तो गेला तरी त्याचा ढोल आणि त्याची प्रार्थना आश्रमाने ठेवून घेतली.

त्या यादीत प्रवचन नाही, वादविवाद नाही, किती लोकांना आपल्या बाजूला वळवलं याचा हिशेब नाही. लोकांनी पाहिलं ते त्याचं काम, त्याचा नेम आणि त्याचं वागणं. स्पॅनिश बोलणाऱ्या देशात जाऊन तुम्हाला जे करायचं आहे त्याचा गाभा इथे, आपल्या जिल्ह्यातच, सापडतो.

असे जाणारे आता दुर्मीळ नाहीत. डिव्हाइन वर्ड या कॅथलिक संघाने भारतातले अनेक धर्मगुरू लॅटिन अमेरिकेत पाठवले आहेत. इगतपुरीच्या विपश्यना परंपरेची केंद्रं स्पेनमध्ये आणि मेक्सिकोत चालतात. रामकृष्ण संघाचं अर्जेंटिनातलं काम १९३० च्या दशकापासूनचं आहे. तुमचा पंथ कोणताही असो, रोजच्या जगण्यातले प्रश्न बरेचसे सारखेच असतात, म्हणून हा लेख सगळ्यांसाठी लिहितो आहे.

सुरुवात नेमापासून करा, कारण पहिल्या काही महिन्यांत दुसरा आधार नसतो. भाषा येत नाही म्हणून मन मोकळं करता येत नाही. काम नीट समजत नाही म्हणून उपयोगी पडल्याचं समाधान नाही. ज्या उत्साहाने निघालात तो विमानतळावरच्या गर्दीत निम्मा उतरलेला असतो. अशा वेळी ठरलेल्या वेळेची प्रार्थना, ध्यान किंवा वाचन माणसाला धरून ठेवतं. दिवसातून दोन वेळा ठरवा आणि त्या छोट्या ठेवा. वीस मिनिटं रोज जमतात, दीड तास आठवडाभरही टिकत नाही. मात्र इथलं वेळापत्रक तसंच्या तसं तिकडे नेऊ नका. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊ-दहाला होतं. अर्जेंटिनातही रात्रीची पंगत उशिराच बसते. पहाटे चारला उठण्याचा हट्ट धरलात तर एक तर झोप मोडेल, नाहीतर ज्या घरात राहता त्यांच्या ताटावरून लवकर उठावं लागेल. त्यांच्याबरोबर जेवणं हाही तुमच्या कामाचाच भाग आहे. नेमाची वेळ सकाळी साडेसहा करा, पण ती मोडू नका.

स्वतःची प्रार्थना मातृभाषेतच करा, निदान पहिलं वर्ष तरी. सामुदायिक उपासना स्पॅनिशमध्ये होईलच. पण एकट्याने देवापुढे किंवा स्वतःपुढे बसताना शब्द शोधावे लागू नयेत. ख्रिस्ती असाल तर ‘उपासना संगीत’ बरोबर न्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं परक्या खोलीत गुणगुणताना किती जवळची वाटतात ते तिथे गेल्यावरच कळेल. बौद्ध असाल तर वंदनेची छोटी पुस्तिका, वारकरी घरातले असाल तर हरिपाठ. पुस्तक छापील घ्या. फोनवर प्रार्थना उघडली की शेजारीच दहा निरोप येऊन बसलेले असतात.

आणि कोरडा काळ येणारच, हे आधीच धरून चाला. सुरुवातीचं नवेपण ओसरलं की सकाळी बसल्यावर काहीच वाटेनासं होतं. शब्द नुसते ओठांवरून जातात. आपली श्रद्धा खोटी होती की काय, अशी शंका येते. या वेळी मोठे निर्णय घेऊ नका, घरी परतण्याचं तिकीट बघू नका आणि नेम सोडू नका. बरोबरीच्या एखाद्या अनुभवी माणसाला स्पष्ट सांगा. लॅटर-डे सेंट्स चर्चचे तरुण जगभर दोघा-दोघांच्या जोडीने राहतात आणि फिरतात, मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष. त्यांची शिकवण तुम्हाला मान्य असो वा नसो, जोडीची ही पद्धत शहाणपणाची आहे. तुमच्या संस्थेत ती नसेल तर निदान एक माणूस असा ठरवून मागून घ्या, ज्याच्यापुढे आठवड्यातून एकदा काहीही न लपवता बोलता येईल. शंका मनात कोंडली की वाढते. झोप लागत नाही, अन्न जात नाही, कशातच मन लागत नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर त्याला श्रद्धेची परीक्षा समजू नका, डॉक्टरकडे जा. त्यात श्रद्धेला कमीपणा नाही.

निघण्याआधी स्वतःला तपासून बघायची सोय आपल्या दाराशी आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांना सुरुवातीला पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी गांधीजींच्या आश्रमात राहावं लागतं. प्रार्थना, श्रमदान, सूतकताई, साधं जेवण. तुम्हीही घराबाहेर कुठेतरी असा पंधरवडा काढा. आश्रमात, मठात, चर्चच्या वसतिगृहात, कुठेही. स्वतःचे कपडे धुवा, संडास स्वच्छ करा, वीस माणसांचा स्वयंपाक करा. ज्याला इथे झाडू हातात घ्यायला संकोच वाटतो त्याला तिथे तो जास्तच वाटेल. आपल्याकडची बरीच मुलं, खास करून मुलगे, आयुष्यात पहिल्यांदा भांडी घासतात ती परदेशातच. ते शिक्षण आईच्या स्वयंपाकघरात उरकून घ्या.

आता भाषा. विनोबा वेल्लोरच्या तुरुंगात होते तेव्हा त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषा शिकून घेतल्या. त्यांची एक रीत आपल्याला उचलता येते: भाषेतल्या धर्मग्रंथांच्या, संतवाणीच्या वाटेने त्या भाषेत शिरायचं. जे तुम्हाला मराठीत पाठ आहे तेच स्पॅनिशमध्ये वाचा. बायबल वाचणाऱ्यांना रेइना-वालेरा हे जुनं, सर्वत्र मिळणारं भाषांतर आहे. धम्मपद आणि गीता यांचीही स्पॅनिश भाषांतरं मिळतात. अर्थ आधीच माहीत असल्याने वाक्याची घडण आपोआप डोळ्यांत बसते. मराठी माणसाला उच्चारांचा फारसा त्रास होत नाही. स्पॅनिशमध्ये पाच स्वर आहेत आणि शब्द बहुतेक लिहिल्यासारखेच वाचले जातात. आपला ठसठशीत ‘र’ तर तिथे कामालाच येतो. लिहिलेला ‘एच’ उच्चारायचा नाही आणि ‘जे’ हे अक्षर ‘ख’च्या जवळ जातं, एवढं पहिल्या दिवशी शिकून ठेवा. दिल्लीत इन्स्टिट्यूटो सेर्व्हान्तेस ही स्पेन सरकारची संस्था आहे. तिचे वर्ग आणि ‘डेले’ नावाच्या परीक्षा यांची चौकशी करा. निघण्याआधी पहिल्या दोन पायऱ्या, म्हणजे ए-वन आणि ए-टू, गाठल्या तर पुढचे सहा महिने सुसह्य होतात.

पण खरी भाषा बाजारात, स्वयंपाकघरात आणि म्हाताऱ्या माणसांपाशी मिळते. म्हातारी माणसं सावकाश बोलतात, तीच गोष्ट चारदा सांगतात आणि तुमचं चुकलं तर रागावत नाहीत. रोज तासभर त्यांच्यापाशी बसा. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात तरुणपणी जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला. मग मनिलाला स्पॅनिश फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये हे स्पॅनिश धर्मगुरू जपानला निघाले तेव्हा त्यांचा दुभाषा तोच होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत इतरांबरोबर त्यालाही क्रुसावर मारण्यात आलं आणि १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिलं. तो धर्मगुरू नव्हता, मोठा पंडितही नव्हता. लोकांत मिसळून मिळवलेली भाषा ही त्याची मोठी शिदोरी होती.

वडीलधाऱ्यांशी बोलताना नेहमी ‘उस्तेद’ वापरा, समोरच्याने सांगेपर्यंत ‘तू’वर येऊ नका. वयस्क माणसाच्या पहिल्या नावाआधी ‘दोन’ किंवा ‘दोन्या’ लावलं की मान राखला जातो. आदरार्थी बोलण्याची आपल्याला सवय आहेच, त्यामुळे हे चटकन जमेल. अवघड जातं ते भेटताना गालाला गाल लावणं. स्पेनमध्ये दोन्ही गालांना, अर्जेंटिनात एकाच, आणि तिथे पुरुषही ओळखीच्या पुरुषाला असंच भेटतात. यात आपुलकीपलीकडे काही नसतं. तरीही तुमच्या व्रतामुळे किंवा संकोचामुळे नको असेल, तर हात आधीच पुढे करा आणि हसून नाव सांगा. लोक समजून घेतात. मागे सरकलात तर मात्र त्यांना दुखावल्यासारखं होतं.

जेवणाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण घर सोडलेल्या माणसाचे निम्मे हाल पोटाचे असतात. मांसाहार करत असाल तर प्रश्न थोडा. शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. अनेक घरांत कोंबडी किंवा हॅम मांसात धरलं जात नाही, आणि भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो. मेक्सिकोत राजमा-घेवड्यासारख्या उसळी पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. स्पेनमध्ये मसुरीच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, घालायची रीत आहे. ‘मांतेका’ मागताना सावध राहा. मेक्सिकोत ती डुकराची चरबी, अर्जेंटिनात लोणी. काय खात नाही याची स्पॅनिशमधली छोटी चिठ्ठी करून पाकिटात ठेवा. आणि जेवायला बोलावलं तर आदल्या दिवशीच सांगा, ताटावर बसल्यावर नको. यजमानीण दिवसभर खपलेली असते. त्यापेक्षा उत्तम म्हणजे एखाद्या रविवारी स्वयंपाकघर मागून घ्या आणि त्यांना खाऊ घाला. तांदूळ, कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मिळते. हळद, जिरं आणि गोडा मसाला इथून न्या, पण बंद पाकिटातला आणि त्या देशाचे सीमाशुल्काचे नियम वाचूनच. मेक्सिकोत मक्याची तोर्तिया हाताला लागली की ज्वारीच्या भाकरीची आठवण थोडी निवते.

अर्जेंटिना, पराग्वे, उरुग्वे या भागात गेलात तर ‘माते’ पुढे येईल. एकाच भांड्यातला काढा, एकच धातूची नळी आणि ती सगळ्यांच्या तोंडून फिरणारी. आपल्यावर उष्ट्याचे संस्कार असतात, त्यामुळे पोटात गोळा येतो. तिथे मात्र नळी पुढे करणं म्हणजे तुम्हाला वर्तुळात घेणं. प्रकृती ठीक असेल तर घ्या. सर्दी-खोकला असेल तर तसं सांगून नाकारा, ते सौजन्यच समजलं जातं. भांडं परत देताना ‘ग्रासियास’ म्हटलं की याचा अर्थ आता पुरे असा होतो. त्यामुळे आणखी हवं असेल तर ते न बोलता परत करा.

कागदपत्रांकडे फार लवकर वळा. धार्मिक कामासाठी जाताना पर्यटक व्हिसावर कधीही जाऊ नका, संस्था कितीही भरवसा देवो. जन्मदाखला, पदवी, पोलिसांचा चारित्र्य दाखला यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा साक्षांकनाचा शिक्का, लागतं. ते परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं आणि काही कागदांना त्याआधी राज्याची साक्षांकनं लागतात. पारपत्राचं काम नागपूरच्या कार्यालयाकडे असतं. नावाचा घोळ हमखास होतो. तिकडे बहुतेक देशांत माणसाची दोन आडनावं असतात, एक वडिलांचं आणि एक आईचं. आपलं मधलं नाव वडिलांचं असल्याने तिथला कारकून त्यालाच पहिलं आडनाव समजतो. सगळ्या अर्जांत नाव पारपत्रावर आहे अगदी तसंच लिहा आणि पहिल्या कार्यालयात जे नोंदलं जाईल ते तिथल्या तिथे तपासा. एकदा चुकीचं छापलं की बँक, दवाखाना, व्हिसा नूतनीकरण, सगळीकडे ते मागे लागतं.

तब्येतीचं दोन शब्दांत. बोलिव्हिया, पेरू, कोलंबिया, पराग्वे अशा देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. उंचीचाही विचार करा. आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरच्या आसपास वाढलेली माणसं. बोगोटा २,६०० मीटरच्या वर, कीटो २,८०० च्या वर आणि ला पास तर सुमारे ३,६०० मीटरवर आहे. पहिले तीन-चार दिवस जिने चढायची घाई करू नका, पाणी भरपूर प्या, जेवण हलकं ठेवा. डोकं फार दुखलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर ताबडतोब दवाखाना गाठा. आणि तिकडे दक्षिणेला ऋतू उलटे असतात. मे महिन्यात आपण घामाने निथळत असतो तेव्हा ब्युनोस आयर्सला स्वेटर लागतो.

सगळ्यात नाजूक विषय श्रद्धा सांगण्याचा. तुम्ही जाता आहात त्या देशांतले बहुतेक लोक पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहेत. त्यांच्या गावाच्या संताची जत्रा असते, मेक्सिकोत १२ डिसेंबरला ग्वादालूपेच्या मातेचा मोठा उत्सव असतो, २ नोव्हेंबरला मृतांची आठवण म्हणून घराघरांत वेदी मांडतात. तुमचा पंथ मूर्ती मानत नसेल, तरी कुणाच्या आजीच्या देव्हाऱ्याबद्दल वावगा शब्द काढू नका. विचारल्याशिवाय सांगू नका, आणि विचारलं तर थोडक्यात, स्वतःच्या अनुभवाएवढंच सांगा. भारतातून आलेल्या माणसाकडून काही जण चमत्कार, भविष्य, जादूटोणा यांची अपेक्षा करतात. तिथे लगेच आणि स्पष्ट नाही म्हणा. आजारी, कर्जबाजारी किंवा नुकतंच कुणी गमावलेल्या माणसाच्या दुःखाचा उपयोग आपल्या पंथाकडे ओढायला करणं हे मला सेवेच्या नावाखाली केलेलं पाप वाटतं. त्याच्या घरी पाणी भरा, मुलांना शाळेत सोडा, दवाखान्यात रात्रभर बसा. धर्माचं बोलणं त्याने काढलं तरच.

याचं उलट दिशेचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडलं. बार्सिलोनात १९२० मध्ये जन्मलेले विन्सेंट फेरर १९५२ मध्ये जेझुइट म्हणून मुंबईला आले आणि पुढे मनमाडच्या परिसरात काम करू लागले. त्या कोरडवाहू पट्ट्यात शेतकऱ्याला आधी पाणी हवं होतं. फेरर यांनी विहिरी खोदायला मदत केली. शेतकरी त्यांचे झाले. पण १९६८ मध्ये त्यांना देश सोडण्याचा आदेश निघाला. त्याविरुद्ध हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. शेवटी इंदिरा गांधींनी त्यांना परतू दिलं आणि १९६९ पासून ते आंध्रातल्या अनंतपूरला राहिले, २००९ मध्ये तिथेच वारले. यातून दोन गोष्टी मनात ठेवा. लोकांची गरज काय हे त्यांनाच विचारून ठरवा. आणि लोक कितीही तुमचे झाले तरी तुम्ही त्या सरकारच्या परवानगीवर तिथे आहात हे विसरू नका. मेक्सिकोच्या राज्यघटनेचं तेहेतिसावं कलम परदेशी माणसाला तिथल्या राजकारणात पडायला साफ मनाई करतं. मोर्चा, निवडणूक, पक्षाची सभा यांपासून दूर राहा, समाजमाध्यमांवरही.

पैशाचा हिशेब रोज लिहा. संस्थेचा वेगळा, स्वतःचा वेगळा, आणि मागेल त्याला दाखवता येईल असा. देणगीचे पैसे स्वतःच्या खात्यात एक दिवससुद्धा ठेवू नका. रात्री उशिरा एकट्याने फिरू नका, रस्त्यात फोन हातात धरून चालू नका, पारपत्राची प्रत बरोबर ठेवा आणि मूळ पारपत्र कुलपात. मुलींनी निघण्याआधी संस्थेला स्पष्ट विचारावं: राहायची खोली कुठे, बरोबर कोण, त्रास झाला तर तक्रार कोणाकडे करायची आणि तो माणूस संस्थेबाहेरचा आहे का. याची नीट उत्तरं मिळत नसतील तर जाऊ नका. श्रद्धेच्या नावावर गप्प बसायला सांगणाऱ्या कुणाचंही ऐकू नका.

घरच्यांशी बोलायचा एक वार ठरवा. मेक्सिको सिटीत रविवारी सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. ब्युनोस आयर्स आपल्या साडेआठ तास मागे आहे, स्पेन हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन. लॅटर-डे सेंट्स चर्चने आपल्या तरुणांना २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोन करायची मुभा दिली. त्याआधी त्यांना वर्षातून मोजक्याच वेळा बोलता यायचं. आठवड्यातून एकदा हे माप मला योग्य वाटतं. रोज बोललात तर मन इथेच राहतं, आणि आई-बाबा तिकडच्या प्रत्येक शिंकेची काळजी करत बसतात. फोनवर सगळं छान आहे असं खोटं सांगू नका, पण रडवेल्या क्षणी फोनही लावू नका. आधी नेमाला बसा, मग बोला.

परतायची वेळ आली की शेवटचे दोन महिने निरोपाच्या जेवणावळींत घालवू नका. तुम्ही शिकवत होता ती मुलं, ज्यांना औषधं नेऊन देत होता ते आजारी, ज्या खोलीच्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत ती खोली, हे सगळं पुढच्या माणसाच्या हाती देऊन, त्याला घरोघर नेऊन ओळख करून द्या. हिशेबाची वही पूर्ण करून सही घ्या. पत्र पाठवीन असं जितक्या जणांना सांगाल तितक्या सगळ्यांना ते पाठवा. आणि पीतज्वराच्या देशातून येत असाल तर लशीचं पिवळं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. ते आता आयुष्यभर चालतं, पण दाखवता आलं नाही तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.